सात पाल्यांचा गुरुवार : फ्रँकफुर्टमधल्या पहिल्या वसंतासाठी

मार्चमध्ये फ्रँकफुर्टच्या क्लाइनमार्क्टहालेत गेलात, तर भाजीच्या गाळ्यांवर पांढऱ्या कागदाच्या जाडजूड सुरळ्या रचून ठेवलेल्या दिसतील. नवीन माणूस फुलांचे गुच्छ समजून पुढे जातो. मीही पहिल्या वर्षी तशीच गेले होते. आत फुलं नसतात, सात प्रकारचा कोवळा पाला असतो. त्याची थंड, आंबटसर, दाट हिरवी चटणीवजा कोशिंबीर होते. तिचं नाव ग्र्यूने झोसे, म्हणजे हिरवा सॉस. इथली जुनी माणसं ‘ग्री झोस’ म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ती घरोघरी होते, सोबत उकडलेली अंडी आणि बटाटे.

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नुकत्याच इथे आलेल्या मराठी मंडळींना मी दरवर्षी एकच आग्रह करते. बाल्कनीतली बाग मे महिन्यावर ढकलू नका. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत सुरू करा आणि त्या गुरुवारचं जेवण डोळ्यांसमोर ठेवा. थंडीतून बाहेर येताना मिळणारा पहिला ताजा पाला हाच या सणाच्या स्वयंपाकाचा गाभा आहे, आणि तो चार कुंड्यांत येतो.

आधी तारीख बघा

ईस्टर दरवर्षी सरकतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा चर्चचा हिशोब आहे. चंद्रावर चालणारे सण आपल्याला नवे नाहीत, त्यामुळे हे पटकन पचतं. 2025 मध्ये ईस्टर 20 एप्रिलला होता, 2026 मध्ये 5 एप्रिलला, आणि 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे. बागेच्या दृष्टीनं तीन आठवड्यांचा हा फरक फार मोठा आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाल्कनीत पाला तरारलेला असतो, मार्चअखेरीस निम्मी रोपं अजून बोटभर असतात. म्हणून कॅलेंडरवर आधी तीन खुणा करा.

पहिली खूण राखेच्या बुधवारची, आशरमिटवॉख. ईस्टरच्या 46 दिवस आधी येतो, कारण मधले रविवार उपासात धरत नाहीत. त्याच्या आदल्या दिवसांत इथे कार्निव्हल असतो आणि घरोघरी क्रेपेल तळतात. आत जॅम भरलेले, वरून पिठीसाखर लावलेले गोल तळणीचे गोळे. श्रावणाआधीची गटारी आठवा, तसंच. जुन्या काळी या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतंही वर्ज्य असे. कोंबड्या मात्र अंडी घालतच राहायच्या, ती साठायची, आणि ईस्टरला अंड्यांची रेलचेल व्हायची. हल्ली बरेचजण आपल्या मनानं एखादी गोष्ट सोडतात : दारू, गोड, मांस.

दुसरी खूण त्या गुरुवारची, ग्र्यूनडॉनर्सटाग. शब्दशः हिरवा गुरुवार. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये हा दिवस पाळतात. ‘हिरवा’ कुठून आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; रडणं, विलाप करणं या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून तो आला असं काहीजण मानतात. नावाचं मूळ काहीही असो, त्या दिवशी पालक, पालेभाजी, हिरवा सॉस असं काहीतरी हिरवं खायचं ही रीत पक्की आहे.

तिसरी खूण 15 मेची. तिच्याकडे शेवटी येऊ.

सात पाले, आणि त्यातले दोन आपल्या ओळखीचे

अजमोदाच्या कुळातली पार्सली म्हणजे पेटरझीलिए, कांद्याच्या पातीची बारीक बहीण श्निटलाउख, क्रेसे, झाउअरआम्पफर, केर्बेल, पिंपिनेले आणि बोरेच. फ्रँकफुर्टची परंपरा या सातांचीच आहे. ‘फ्रँकफुर्टर ग्र्यूने झोसे’ या नावाला 2016 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, आणि त्या नियमांनुसार कुठलाही एक पाला मिश्रणात 30 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. कासेल शहराच्या बाजूला शेपू घालतात. फ्रँकफुर्टच्या माणसासमोर शेपूचं नाव काढलंत तर तो तुम्हाला समजावून सांगायला बसेल की हे इथलं नाही.

आता आनंदाची गोष्ट. क्रेसे म्हणजे आपला अळीव. तीच वनस्पती. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आईनं पुडी बांधून दिली असेल, किंवा इथल्या भारतीय दुकानातून आणली असेल, तर तुमच्याकडे क्रेसेचं बी आहे. आपण बी खातो, ही माणसं त्याचा पाला खातात. हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबा उघडून चमचाभर अळीव ओल्या कापसावर पसरला, आणि आठव्या दिवशी पावावर लोणी लावून त्यावर तो पाला कातरून खाल्ला. झणका मोहरीसारखा.

झाउअरआम्पफर हा आपल्या चुक्याच्या गोत्यातला. जात वेगळी, पण कुळ तेच आणि आंबटपणाही तोच. पानं लांबट, भाल्यासारखी. चुक्याची आंबट भाजी खाल्लेल्या माणसाला या सॉसची चव पहिल्या घासाला कळते. बाकीच्यांना दोनतीन वेळा खावी लागते.

उरलेल्यांची ओळख करून घ्यायची तर नाकानं. केर्बेल दिसायला अगदी नाजूक कोथिंबीर, वास बडीशेपेकडे झुकणारा. बोरेचची पानं मोठी, खरखरीत, लव असलेली, आणि चुरगळली की काकडीचा वास. पिंपिनेलेची पानं गोल कातरलेल्या चिमुकल्या झिरमिळ्यांसारखी, चवीला काकडी आणि अक्रोडाच्या मधली.

सगळं पेरू नका

पहिल्या वर्षी सातही पाले बियांपासून करायला जाल तर बहुतेक हिरमोड होईल. माझं मत असं : तीन विकत आणून लावा, दोन पेरा, दोन बाजारातून आणा.

लावायचे तीन म्हणजे श्निटलाउख, झाउअरआम्पफर आणि पिंपिनेले. ही बहुवर्षायू रोपं आहेत. एकदा लावली की हिवाळ्यात जमिनीलगत आक्रसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ अजून कोपऱ्यात पडलेलं असतानाही, नवे कोंब काढतात. राखेच्या बुधवारच्या आसपास रोपवाटिकेतून तीन छोट्या कुंड्या आणा. घरात उबेत वाढवलेलं रोप आणलंत तर आठवडाभर दिवसा बाहेर आणि रात्री आत असं सवयीनं ठेवा, मग कायमचं बाहेर. झाउअरआम्पफरचं मूळ खोल जातं, त्याला निदान 25 सेंटिमीटर खोल कुंडी द्या. बाकी दोघांना 15 ते 20 पुरते. कुंडीला खाली भोक हवंच, आणि तळाशी थाळी, म्हणजे खालच्यांच्या बाल्कनीत पाणी टपकणार नाही. इथे शेजारधर्मातलं हे पहिलं कलम आहे.

माती दुकानात क्रॉयटरएर्डे म्हणून मिळते. पाल्याच्या रोपांसाठीची, खत कमी असलेली. पिशवीवर ‘टॉर्फफ्राय’ लिहिलेली घ्या, म्हणजे दलदलीतलं पीट न काढता केलेली. पाणी बोट खुपसून बघून मगच घाला. मार्चच्या थंडीत कुंडी लवकर सुकत नाही, आणि भारतातल्या सवयीनं रोज घातलेलं पाणी मुळं कुजवतं.

पेरायचे दोन म्हणजे केर्बेल आणि अळीव. केर्बेलला थंडावा आवडतो, ऊन चढलं की तो लगेच फुलावर जातो. पेरल्यापासून कापणीपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे राखेच्या बुधवारी पेरलात तर गुरुवारपर्यंत जेमतेम तयार. चाळीस दिवसांचा हा मेळ मला फार आवडतो. पेटीत बोटभर माती ओली करा, बी विरळ टाका, वर मातीचा पातळ थर द्या आणि हीटर नसलेल्या खोलीच्या खिडकीत ठेवा. हीटरच्या वर ठेवलेली रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. मार्चच्या मध्यावर पेटी बाहेर काढा. रात्री कडाक्याची थंडी असेल तर वर एखादं जुनं पातळ कापड टाका.

अळिवाची घाई नको. गुरुवारच्या आठ-नऊ दिवस आधी ताटलीत कापूस किंवा किचन पेपरचे चार थर ओले करा, त्यावर बी दाट पसरा, दाबू नका, मातीनं झाकू नका. बी बुळबुळीत होतं, ते तसंच व्हायला हवं. दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. तिसऱ्या दिवशी मोड, आठव्या दिवशी बोटाएवढा पाला. कात्रीनं बुडाशी कापा. तो पुन्हा फुटत नाही, म्हणून दोन ताटल्या दोन दिवसांच्या अंतरानं लावा.

पार्सली आणि बोरेच बाजारातून. पार्सलीचं बी उगवायलाच तीन-चार आठवडे घेतं, आणि बोरेच एप्रिलमध्ये पेरायचं रोप आहे. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीची पार्सली कुंडीत टिकली असेल त्यांनी ती उपटू नये. दुसऱ्या वसंतात फुलावर जायच्या आधी ती चांगली पानं देते.

बाजारातून म्हणजे कुठून, तर जमलं तर ओबरराडहून. मेन नदीच्या दक्षिणेला असलेला शहराचा हा भाग पिढ्यानपिढ्या या सात पाल्यांच्या शेतीसाठी ओळखला जातो. ट्राममधून उतरून पाच-दहा मिनिटं चाललात की घरं संपतात आणि वाफे सुरू होतात. शेताच्या कडेला 2007 मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे : सात छोटी काचघरं, प्रत्येक हिरव्याच्या वेगळ्या छटेचं. भाजीला स्मारक उभारणारं गाव मला लगेच आपलं वाटलं.

रानातला पाला : इथे सावध

याच दिवसांत जंगलात बेअरलाउख म्हणजे रानलसूण उगवतो. ओळखीचे लोक पिशव्या घेऊन निघतात आणि तुम्हालाही चला म्हणतात. पाला उत्तम आहे, त्याची चटणी आपल्या लसणीच्या पातीसारखी लागते. पण मायग्लॉकशेन आणि हेर्ब्स्टत्साइटलोझे या दोन विषारी वनस्पतींची पानं त्याच्यासारखीच दिसतात, त्याच सुमारास येतात, कधी कधी त्याच ताटव्यात. ही गल्लत होऊन माणसं दगावली आहेत. वासावरून ओळखू म्हणाल तर पहिलं पान खुडल्यावर हातालाच लसणाचा वास लागतो, मग दुसऱ्या पानाची परीक्षा होत नाही. रानलसणाचं प्रत्येक पान जमिनीतून स्वतंत्र देठावर येतं, मायग्लॉकशेनला एका दांड्यावर दोन पानं असतात, हेर्ब्स्टत्साइटलोझेला देठच नसतो. तरीही पहिली दोन वर्षं बाजारातून जुडी घ्या. यात भिडेखातर कुणाच्या मागे जाऊ नका.

खिडकीतलं गवत आणि कांद्याची सालं

ईस्टरच्या दहा-बारा दिवस आधी इथली मुलं ताटलीत गहू पेरतात. हिरवं गवत वर आलं की त्यात रंगवलेली अंडी ठेवतात. आपल्या घटाच्या रुजवणाची हीच रीत : गहू रात्रभर भिजवा, मातीच्या पातळ थरावर पसरा, रोज थोडं पाणी. मुलांना दोन्ही सण एकदम समजावून सांगता येतात. आमच्या घरी आश्विनात आणि ईस्टरला तीच परात निघते.

अंडी रंगवायला दुकानातल्या गोळ्या नकोत. राखेच्या बुधवारपासून कांद्याची कोरडी सालं एका पिशवीत जमवायला लागा. मराठी घरात चाळीस दिवसांत ढीग होतो. आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या आणि लवकर घ्या, सणाच्या आठवड्यात ती संपतात. अंड्यावर केर्बेलचं किंवा पार्सलीचं एक पान ओलं करून चिकटवा, जुन्या पातळ मोज्याच्या तुकड्यात घट्ट बांधा, आणि त्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. थंड झाल्यावर सोडा. तांबूस तपकिरी अंड्यावर पानाची पांढुरकी नक्षी उमटलेली असते, शिरांसकट. शेवटी तेलाचा हात फिरवला की चमकतात.

गुरुवारचं जेवण

आधी किराण्याचं बोलू, कारण नवख्यांची अडचण इथेच होते. शुक्रवारी, रविवारी आणि सोमवारी दुकानं बंद. शनिवारी उघडी, पण तुडुंब. दूध, पीठ, भाजी बुधवारी रात्रीपर्यंत घरात असू द्या, आणि पाल्याची सुरळी गुरुवारी सकाळी.

चार माणसांसाठी सातही पाले मिळून 250 ते 300 ग्रॅम लागतात. बाल्कनीतला जेवढा आहे तेवढा घ्या आणि उरलेला सुरळीतून; पूर्ण घरचा असावा असा हट्ट नको. पाला दोन पाण्यांत धुवा आणि पंचात गुंडाळून नीट कोरडा करा. ओला पाला कापला की सॉस पांचट होतो. बोरेचचे जाड देठ काढून टाका, बाकीचे कोवळे देठ राहू द्या. मग सुरीनं बारीक चिरा, अगदी कोथिंबिरीसारखं बारीक. मिक्सरमध्ये घालू नका. काहीजण घालतात, पण पातं फिरताना श्निटलाउख उग्र होतो आणि सगळं एकाच चवीचं लागतं. सात पाले वेगळे लागणं हीच तर याची मजा.

250 ग्रॅम झाउरे झाने, म्हणजे आंबवलेली साय, आणि 250 ग्रॅम घट्ट दही फेटून घ्या. त्यात चमचाभर मोहरीची पेस्ट, दोन चमचे तेल, लिंबाचा रस, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर. चार अंडी कडक उकडून बारीक चिरून घाला. पाला शेवटी मिसळा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, चुक्याचा आंबटपणा धातूला लागतो. काच किंवा चिनी माती.

बटाटे किलोभर, दुकानात ‘फेस्टकोखेंड’ लिहिलेले, म्हणजे शिजून भुगा न होणारे. सालासकट उकडा, ताटात सोला. माणशी दोन अंडी, कडक, अर्धी कापलेली. ताटात बटाटे आणि अंडी, बाजूला सॉसचा थंड डाव. बटाटे गरम, सॉस गार, हे जमलं की जेवण जमलं.

अंडी न खाणाऱ्यांनी सॉसमधली अंडी गाळून तेवढं घट्ट क्वार्क, म्हणजे आपल्या चक्क्यासारखं इथलं ताजं चीज, घालावं, चव कमी होत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी चुक्याचं प्रमाण कमी ठेवावं, त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. आणि एक विनंती : पहिल्या वेळी फोडणी देऊ नका, हिरवी मिरची घालू नका. एकदा जसा आहे तसा खाऊन बघा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्यांदा वाढलं तेव्हा मीठही वरून घेऊ दिलं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

उरलेला सॉस दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. उरलेला चिरलेला पाला मात्र भाजणीत मळून थालीपीठ लावा. केर्बेल आणि चुका भाजणीत असे काही मुरतात की आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम जास्त पाला आणतात.

शुक्रवार ते सोमवार

शुक्रवार, कारफ्रायटाग, हा शोकाचा दिवस. घरोघरी मांस नसतं, मासे असतात. शहर शांत असतं आणि तसंच राहावं अशी अपेक्षा असते. बाल्कनीत ड्रिल चालवणं, मोठ्यानं गाणी लावणं त्या दिवशी टाळा. कुंड्यांना पाणी घालायला हरकत नाही. रविवारी सकाळी लांबलचक न्याहारी : वेणीसारखा विणलेला गोडसर पाव हेफेत्सोप्फ, साच्यात भाजलेला कोकराच्या आकाराचा केक, रंगवलेली अंडी. शेजाऱ्यांनी बोलावलं तर स्वतः पेरलेल्या गव्हाच्या गवतात दोन अंडी ठेवून घेऊन जा. याहून चांगली भेट मला माहीत नाही.

मग 15 मे

ईस्टरच्या उन्हानं हुरळून मिरची, टोमॅटो, तुळस बाहेर ठेवू नका. 11 ते 15 मे हे आइसहायलिगे, म्हणजे बर्फाचे संत, मामेर्टुसपासून थंड सोफीपर्यंत. या दिवसांत अजूनही एखादी रात्र गोठवते, असा इथल्या शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि मी तो पाळते. मिरचीची रोपं तोवर खिडकीत. मेथी आणि धने एप्रिलमध्ये बाहेर पेरले तरी चालतात, त्यांना थंडी सोसते.

ईस्टरच्या सोमवारी दुपारी, पाहुणे गेले की, कुंड्यांकडे या. श्निटलाउख जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापा, तो पुन्हा येतो. झाउअरआम्पफरला मधोमध दांडा दिसला तर मोडा. अळिवाच्या ताटल्या धुवून ठेवा. आणि एखादी खोल कुंडी रिकामी असेल तर त्यात बोरेचच्या चार बिया थेट टाका, कारण त्याला हलवलेलं सोसत नाही. जूनमध्ये त्याला निळी चांदणीसारखी फुलं येतात, तीही खाता येतात. काकडीच्या कोशिंबिरीवर घाला.